पुतळाबाईचा अंगठा

वेसाव्याच्या कोळीवाड्यात पुतळाबाईच्या अंगठ्याला जेवढा मान होता, तेवढा तिच्या नवऱ्याला हयातीत कधी मिळाला नाही. नवरा भला माणूस. होडीवर गेला, होडीवरच संपला, आणि महिन्याभरात गाव त्याला विसरलं. बाईचा उजवा अंगठा मात्र वेसाव्याच्या धक्क्यापासून अंधेरी स्टेशनापर्यंत लोकांना ठाऊक. पोराला गिळताना दुखायला लागलं, की घरातली म्हातारी म्हणायची, पडजीभ पडली असेल, पुतळाला येऊ दे.

पडजीभ म्हणजे घशाच्या तोंडाशी लोंबते ती इवलीशी जीभ. सर्दीपडशात ती सुजते, आणि लोक म्हणतात ती खाली पडली. ती उचलायची विद्या पुतळाबाईकडे सासूकडून आलेली. डाव्या हातानं पोराच्या टाळूवरचे केस गच्च धरायचे, उजव्या अंगठ्याला मीठ आणि मिऱ्याची पूड लावायची, अंगठा थेट घशात घालून पडजीभ वर दाबायची. पोर ओकारी काढून किंचाळायचं, आणि दोन दिवसांनी भात खायला लागायचं. खरं सांगायचं तर साधा घसा चार दिवसांत आपणहून बरा होतो, त्याला कुणाच्या अंगठ्याची गरज नसते. पण हे सांगणाऱ्याला गावानं वेड्यात काढलं असतं, आणि पुतळाबाईनं तर मासळीच्या पाटीतला कोयताच दाखवला असता.

या विद्येचे नियम होते आणि ते ती काटेकोर पाळायची. उचलल्याबद्दल काही घ्यायचं नाही. बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उचललेला अंगठा दिवस मावळेपर्यंत धुवायचा नाही. धुतला तर गुण वाहून जातो. मासळीचं पाणी लागू नये म्हणून ती अंगठ्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची आणि उरलेल्या चार बोटांनी बोंबील मोजून द्यायची. संध्याकाळी घरी आली की चिंधी सोडायची, आल्याचा रस आणि मध एकत्र करायचा, त्यात अंगठा बुडवायचा आणि नातीला चाटवायचा. जगाला देऊन उरलेला गुण घरच्या लेकराचा, असं तिच्या सासूचं सांगणं होतं.

नात म्हणजे शकू. हरेश्वरची मुलगी, चार वर्षांची, गुटगुटीत, सदा नाक वाहणारी. हरेश्वर पुतळाबाईचा एकुलता एक मुलगा, होडीवर नाखवा. शकू आजीच्या अंगठ्याला इतकी सरावलेली की संध्याकाळी पाटी टेकली रे टेकली, की पोर तोंड उघडून समोर उभी. पुतळाबाईनं आयुष्यात कुणावर जीव टाकला असेल तर या एका पोरीवर. सुनेवर तिचा जीव नव्हता. कमळ कामाला वाघीण होती, तोंडानं गोड होती, आणि हेच सासूला खुपायचं.

त्यात होळीच्या आधी एक वाद झाला. विद्या पुढं द्यायची ती होळीच्या पुनवेला, अंगठ्याला अंगठा लावून, मध्ये मिठाचा खडा धरून. कमळनं विचारलं, "आये, औंदा मना हात देशील?"

पुतळाबाई म्हणाली, "माजे सासूनं मना दिला कारण तिला लेक नव्हती. मना लेक हाय मढला. सुनेला कंला देऊ?"

 दुसऱ्या दिवसापासून कमळ सासूशी कामापुरतंच बोलायला लागली. सासूलाही ते बरंच वाटलं.

ही सन चौसष्टच्या माघातली गोष्ट. त्या मंगळवारी पुतळाबाई पाटी घेऊन अंधेरीच्या एका सोसायटीत गेली. तिथं तळमजल्यावर शांताबाई नावाची म्हातारी राहायची, सून नीला आणि सहा वर्षांची नात जया. मुलगा कचेरीत. शांताबाई म्हणजे घरगुती औषधांचं चालतं दुकान. खोकला आला की अडुळसा, घसा बसला की ज्येष्ठमध, छाती भरली की ओव्याची पुरचुंडी, आणि काही झालेलं नसलं तरी हळदीचं दूध. डॉक्टर या माणसाबद्दल तिचं मत असं की तो सुई टोचायचं निमित्त शोधत असतो.

"पुतळे, बरी आलीस," शांताबाई म्हणाली. "जयाची पडजीभ पडलीय बघ. दोन दिवस झाले, पाणी गिळत नाही."

नीला दारात उभी होती. तिचे डोळे जागरणानं लाल झाले होते. "आई, मी आज डॉक्टरकडेच नेते हिला. ताप उतरत नाहीये."

"ने गं, कोण नको म्हणतंय! आधी हिला उचलू दे, मग ने कुठं न्यायचं तिकडे."

पुतळाबाईनं जयाला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि आ करायला लावलं. पोरीच्या तोंडाला घाण वास येत होता. घशात मागच्या बाजूला राखाडी पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं, दुधावरच्या सायीसारखं. असं तिनं तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. क्षणभर तिचा हात थांबला. पण समोर शांताबाई बघत होती, वरच्या मजल्यावरच्या दोघी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि पुतळाबाईच्या अंगठ्याला थांबायची सवय नव्हती. दूध चिकटलं असेल, असं मनाशी म्हणत तिनं टाळूचे केस धरले आणि अंगठा घातला.

ती साय निघाली नाही. निघाली तेवढ्या जागेवर रक्त आलं. जया किंचाळलीसुद्धा नाही, नुसती घरघरली. पुतळाबाईनं अंगठा पदराला पुसला.

"उचलली," ती म्हणाली. मग दाराबाहेर पडता पडता नीलाला हळूच म्हणाली, "पर बाय, डाक्टरला दाखव हं. आजच दाखव."

एवढं तिला कळत होतं, हे लक्षात ठेवायला हवं. तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली, आणखी चार इमारती केल्या, पाटी रिकामी झाली. संध्याकाळी घरी आल्यावर शकू तोंड उघडून समोर उभी राहिली. पुतळाबाईनं चिंधी सोडली, आल्याचा रस काढला, मध ओतला आणि नातीला अंगठा चाटवला.

गुरुवारी ती पुन्हा सोसायटीत गेली तेव्हा फाटकापाशीच नीला भेटली. हातात डबा होता, इस्पितळात निघाली होती. आणि मागं गॅलरीत शांताबाई.

"हीच ती! हिनंच घातला हात माझ्या नातीच्या घशात!" शांताबाई वरच्या पट्टीत ओरडली. "मेली, घाणेरड्या हातांची! पुन्हा या फाटकात पाऊल टाकलंस तर बघ!"

गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ना, त्यातलीच ही. परवा जिनं बोलावून घेतलं, तीच आज शिव्या देत होती. पुतळाबाईही कमी नव्हती, तिनं पाटी खाली ठेवून पदर खोचला. पण नीलानं तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं.

"पुतळाबाई, भांडू नका. जयाला घटसर्प झालाय. गळ्याला भोक पाडून नळी घातलीय तिच्या. वाचेल म्हणतात. तुम्ही डॉक्टरला दाखव म्हणालात म्हणून मी त्याच दुपारी नेलं, मी विसरणार नाही ते. पण आता ऐका. हा रोग थुंकीतून लागतो. डॉक्टर विचारत होते, ज्या बाईनं बोट घातलं तिच्या घरी लहान मूल आहे का?"

"हाय. नात हाय."

"मग आजच्या आज तिला घेऊन इस्पितळात या. बरी दिसत असली तरी आणा, ते सुई देतात. आणि घसा दुखायला लागला तर एक दिवससुद्धा घरी ठेवू नका. एक दिवससुद्धा नाही. कळलं ना?"

कळलं नाही असं नव्हतं. सगळं कळलं. नीलानं तिला इस्पितळाचा रस्ता सांगितला, वॉर्ड सांगितला, आपलं नाव सांगा म्हणाली. पुतळाबाई मासे तसेच घेऊन घरी परतली.

दारात शकू शिंपल्यांशी खेळत होती. तिला ताप नव्हता, खोकला नव्हता. कमळ जाळं शिवत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "आज लवकर आलीस?"

हा क्षण होता. पुतळाबाईनं एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या अंगठ्यावर रोग आला असेल, पोरीला सुई देऊन आणू. पण ते कुणाला सांगायचं? सुनेला? जिला आठ दिवसांपूर्वी "तुला हात देणार नाही" म्हणून तोडून टाकलं, तिच्यापुढं त्याच हाताची अब्रू काढायची? उद्या धक्क्यावर बायका म्हणतील, पुतळाच्या अंगठ्यात गुण नाही, मरण आहे. पोर तर बरी आहे. लागला असता रोग तर एव्हाना दिसला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"डोकं दुखतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारी शकूचं अंग कोमट लागलं. पुतळाबाईनं तिला चिंबोऱ्यांचा तिखट रस्सा पाजला. कोळीवाड्यात सर्दीवर पहिलं औषध तेच. शनिवारी पोर म्हणाली, आजी, इथं दुखतं, आणि गळ्यावर हात ठेवला. पुतळाबाईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, हळद उगाळून गळ्याला लावली, तव्यावर ओवा भाजून छाती शेकली. जे जे येत होतं ते सगळं केलं. एकच गोष्ट केली नाही. पोरीचं तोंड उजेडाकडे करून आत पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तीस वर्षं गावाच्या घशात डोकावलेली ही बाई आपल्या नातीच्या घशात डोकावायला घाबरली. मला तिची कीव येत नाही. नीलाचे शब्द तिच्या कानात होते, एक दिवससुद्धा नाही, आणि ती दिवस मोजत बसली होती.

"आये, उचल की तिची पडजीभ," कमळ शनिवारी म्हणाली.

"सर्दी हाय साधी. कंला उचलायची?"

रविवारी पुन्हा म्हणाली. पुतळाबाईनं तुळशीचा काढा चुलीवर चढवला.

सोमवारी सकाळी शकूच्या श्वासाला आवाज यायला लागला. मान सुजली होती. कमळनं पोरीला उचलून सासूच्या मांडीत आणून बसवलं, मीठ-मिऱ्याची वाटी समोर ठेवली आणि म्हणाली, "आता उचल."

आता पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुतळाबाईनं पोरीची हनुवटी धरली. तोंडाजवळ नाक जाताच तिला वास आला. आत, मागं, तीच राखाडी साय.

"इस्पितळात नेऊया," ती म्हणाली. "आत्ता. हरेश्वरला बोलावतंय मी."

"इस्पितळात?" कमळ उभी राहिली. "सगळ्या गावाची पोरं तुज्या अंगठ्यानं बरी होतात, आणि माजी पोर इस्पितळात? कंला?"

"माजा हात चालत नाय आज."

"चालत नाय का चालवायचा नाय? मी हात मागितला म्हणून माजे पोरीवर राग काढतंस? सोसायटीतल्या परक्या पोरीला दिलास हात, आणि हिला नाय?"

अजूनही वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य आता गुरुवारपेक्षा जड झालं होतं, कारण आता त्यात चार दिवसांचं मुकाट बसणंही आलं होतं. पुतळाबाई म्हणाली, "हात लावू नको तिला. मी आलेच." आणि ती धक्क्याकडे पळत सुटली.

हरेश्वर होडीतून मासळी उतरवत होता. तिनं त्याला तसाच ओढून आणला. बर्फाची एक लॉरी अंधेरीला परत निघाली होती, तिच्या ड्रायव्हरच्या पाया पडून तिला थांबवलं. या सगळ्यात अर्धा तास गेला असेल. घरात पाऊल टाकलं तर कमळ भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर शकू, ओठांवर रक्त, आणि मिऱ्याची वाटी उपडी. कमळचा उजवा अंगठा लाल होता.

"मी उचलली," ती म्हणाली. "तू नाय उचललीस म्हणून मी उचलली. गुण नाय आला, आये. रक्त आलं."

लॉरीत पुढं ड्रायव्हरशेजारी कमळ पोरीला घेऊन बसली. हरेश्वर आणि पुतळाबाई मागं, उरलेल्या, वितळत्या बर्फाच्या लाद्यांवर. इस्पितळात पोचेपर्यंत शकू निळी पडली होती. नीलाचं नाव पुतळाबाईनं तिथं कुणाला सांगितलं नाही. तिच्याही गळ्याला भोक पाडलं, नळी घातली, सुया दिल्या. मंगळवारी दुपारी ती गेली.

डॉक्टर तरुण होता आणि थकलेला होता. त्यानं तिघांना बाहेर बोलावलं.

"तीन-चार दिवस घरात ठेवलंत तुम्ही हिला. विष हृदयापर्यंत गेलं होतं. पहिल्या दिवशी आणलं असतं तर... बरं, घरात कुणी घटसर्पाच्या आजाऱ्याजवळ गेलं होतं का? हे आकाशातून पडत नाही."

हरेश्वरनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, नाही म्हणून.

"नाय साहेब," हरेश्वर म्हणाला.

"आणि घशात बोट कुणी घातलं? जखम आहे आत."

कमळनं अंगठा पुढं केला. जणू तो तिथंच कापून घ्या, असं तिला म्हणायचं होतं. डॉक्टरचा तोल गेला. "आई आहात की कोण? लेकराच्या घशात अंगठा घालता? असल्या अडाणीपणानं पोरं मारता तुम्ही!" पोरीच्या घशाला अंगठा लागला तेव्हा ती जवळजवळ संपलेलीच होती, हे त्यालाही ठाऊक असणार. पण रागाच्या भरात बोलून गेला, आणि कमळनं त्यातला शब्द न् शब्द घेतला. पुतळाबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं तोंड उघडलं नाही.

गावानं न्याय केला तो असा. गुण नसताना हात घातला म्हणून कमळनं पोर घालवली. सासूनं हात लावू नको सांगितलं होतं, ते ऐकलं नाही. त्यानंतर कोळीवाड्यात कुणी आपलं तान्हं कमळच्या हातात दिलं नाही. बारशाला गेली तर ती आपणहून मागं, दाराशी उभी राहायची. पुढं तिला मुलगा झाला, बळवंत. त्याला ती डाव्या हातानं भरवायची. बायका हसायच्या, नावं ठेवायच्या. पुतळाबाई समोर बसून हे बघायची.

आणि पुतळाबाईचं काय झालं? तिचा मान वाढला! तिनं उचलायचं बंद केलं. कुणी पोर घेऊन आलं की म्हणायची, शकू गेली, तेव्हापासून हात टाकला. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नातीपायी एवढी मोठी विद्या सोडली म्हणून बायका तिच्या पाया पडायच्या, आणि ती पडू द्यायची. रात्रंदिवस रडत होती असंही नाही. जेवत होती, भांडत होती, पाटी घेऊन बाजारात बसत होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं असेलही. पण खवखवीनं कुणी मरत नाही.

अकरा वर्षं अशी गेली. पंचाहत्तरच्या थंडीत पुतळाबाईनं अंथरूण धरलं. छातीत कफ दाटला होता, उठून बसवत नव्हतं. मढची लेक एकदा येऊन बघून गेली, पुन्हा फिरकली नाही. सगळं केलं ते कमळनं. अडुळशाची पानं वाफवून रस काढायची, सुंठ उगाळायची, पाठीला गरम तेल लावायची, बेडका पडायचा तो वाटीत धरायची. एक शब्द वाकडा बोलली नाही.

एका दुपारी घरात दोघीच होत्या. हरेश्वर होडीवर, बळवंत शाळेत. कमळ सासूच्या पायाशी येऊन बसली.

"आये," ती म्हणाली. "एक विचारू? खरं सांगशील? तू आता कुणाला भ्यायचं कारण नाय."

"विचार."

"डाक्टर म्हणाला होता की चार दिवस उशीर झाला. म्हणजे ती तशीबी जाणार होती, असं कधीकधी मना वाटतं. मग वाटतं, मी मनाची समजूत काढतंय. तू तीस वरसं घसे बघितलेस. तुला ठाव असेल. माजेच हातानं गेली ना शकू?"

पुतळाबाईनं सुनेकडे पाहिलं. कमळ पस्तिशीची होती आणि पन्नाशीची दिसत होती. ती वाट बघत होती. अकरा वर्षं ती हा प्रश्न घेऊन हिंडत होती, आणि आज तिनं तो त्या एकाच माणसापुढं ठेवला होता, ज्याला उत्तर ठाऊक होतं. नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सगळी कहाणी सांगायचीही गरज नव्हती. पण नाही म्हटलं की ती पुढं विचारणार, मग कशानं गेली? आणि मग उद्या या घरात पाठ कोण चोळणार, वाटी कोण धरणार? मेल्यावर गाव काय म्हणणार? पुतळाबाईनं हे सगळं मनात मोजलं. आजारी होती, पण डोकं जाग्यावर होतं.

"होय गो बाय," ती म्हणाली. "तुजेच हातानं. पर आता मनाला लावून घेऊ नको."

कमळनं मान डोलावली. "मना ठाव होतं," ती म्हणाली, आणि तेलाची वाटी चुलीवर गरम करायला ठेवली.